तिऱ्हाइतांच्या पुस्तकांची पारख

शाळेचं पुस्तक एकाचं आणि त्यावरचं गाईड दुसऱ्याचं, हे आपल्याकडे कुणाला नव्यानं सांगायला नको. पुस्तक बालभारतीचं असतं. गाईड, अपेक्षित प्रश्नसंच, स्वाध्यायाची उत्तरं हे सगळं बाहेरचे प्रकाशक काढतात. त्यांतली काही मुलाला खरोखर समजावून सांगतात, काही नुसता कागद खर्ची घालतात, आणि दुकानात मात्र दोन्ही एकाच फळीवर शेजारी शेजारी उभी असतात. आज ज्या खेळाविषयी बोलायचं आहे तो अमेरिकेतला आहे, पण त्याच्या पुस्तकांची अवस्था नेमकी अशीच आहे. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. आपल्याकडेही पुण्या-मुंबईत, बंगळुरात तो खेळणारे गट आहेत आणि त्यांतल्या नव्या मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो. मुख्य पुस्तकं घेतली, आता पुढे काय घेऊ? बाहेरच्या प्रकाशकांची हजारो पुस्तकं दिसतात, त्यांतलं चांगलं ओळखायचं कसं?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येकानं एकेक पात्र घेतलेलं असतं. कुणी तलवारबहाद्दर, कुणी मांत्रिक, कुणी कुलपं उघडण्यात तरबेज असलेला चोर. एक जण मात्र असं कुठलंच पात्र घेत नाही. त्याला मूळ खेळात डंजन मास्टर म्हणतात. आपण सूत्रधार म्हणू, कारण काम तेच आहे. तो सांगतो, "जिना खाली उतरतो. खालून गार, ओलसर वारा येतोय आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. काय करता?" खेळाडू आपापलं सांगतात. जे जमेल की नाही अशी शंका असेल, त्यासाठी वीस बाजूंचा फासा टाकायचा. जिंकणं-हरणं नाही. एक बैठक तीन-चार तास चालते आणि एकच गोष्ट महिनोन्‌महिने पुढे सरकत राहते. आपल्या दशावतारात कथानक ठरलेलं असतं, संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतात. इथे कथानकही ठरलेलं नसतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी रचलेला हा खेळ १९७४मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून 'टीएसआर' नावाच्या कंपनीनं बाजारात आणला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, आणि पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची.

यात अडचण होते ती सूत्रधाराची. खेळाडू मोकळ्या हातानं आले तरी चालतं. सूत्रधाराला मात्र एक अख्खं जग तयार ठेवावं लागतं. गावं, भुयारं, त्यांचे नकाशे, त्यांत राहणारे प्राणी, खजिने, कारस्थानं, आणि कारस्थान करणाऱ्यांच्या मनात काय चाललंय तेही. त्यालाही नोकरी असते, घर असतं. शनिवारी रात्री साडेदहाला तो उद्याच्या बैठकीची तयारी करायला बसतो तेव्हा त्याला कुणीतरी अर्धं काम आधीच करून ठेवलेलं हवं असतं. पूरक पुस्तकं विकली जातात ती या गरजेपोटी. खेळाच्या मालक कंपनीची ती घरची पुस्तकं, आणि बाकीच्यांची तिऱ्हाइतांची. तिऱ्हाईत हा शब्द मी हलक्या अर्थानं वापरत नाही. कंपनी एक पक्ष, खेळणारे दुसरा, आणि हे तिसरे, एवढंच.

हे तिसरे लोक खेळाइतकेच जुने आहेत. इलिनॉय राज्यातल्या डिकेटर गावी बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन यांनी १९७६मध्ये 'जजेस गिल्ड' नावाचा उद्योग काढला आणि एका संपूर्ण काल्पनिक शहराचा नकाशा, दुकानं-गल्ल्यांसकट, वर्गणीदारांना पाठवायला सुरुवात केली. लोक अशा गोष्टी विकत घेतील हे टीएसआरच्या तोवर ध्यानात आलेलं नव्हतं. मग कंपनीनं त्यांना परवाना दिला. पुढच्या काळात मात्र कंपनीचा हात आखडला आणि भाषा वकिलांची झाली. 'मेफेअर गेम्स' या प्रकाशकाच्या 'रोल एड्स' या मालिकेवरून दोघांत बरीच वर्षं वाद चालला, १९९३मध्ये कोर्टाचा निकाल लागला आणि शेवटी टीएसआरनं ती मालिकाच विकत घेऊन टाकली.

१९९७मध्ये टीएसआर 'विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट' या कंपनीनं घेतली आणि १९९९मध्ये या कंपनीला हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या मोठ्या कंपनीनं घेतलं. त्यानंतर २०००मध्ये जे घडलं त्यानं आपला आजचा प्रश्न निर्माण केला. खेळाची तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा रायन डॅन्सी या अधिकाऱ्याच्या पुढाकारानं कंपनीनं आपल्या नियमांचा मोठा भाग सर्वांसाठी खुला केला. परवान्याचं नाव 'ओपन गेम लायसन्स'. कल्पना संगणकातल्या मुक्त प्रणालींवरून उचललेली होती. कुणीही हे नियम वापरून आपलं पुस्तक लिहावं, छापावं, विकावं. परवानगी नको, पैसेही नकोत. यात उदारपणा होता तसा हिशेबही होता. बाहेरच्यांनी भुयारं आणि राक्षस लिहिले की ते वापरण्यासाठी मुख्य नियमपुस्तक लागणारच, आणि ते कंपनीचं. परवान्यासोबत वीस बाजूंच्या फाशाचं बोधचिन्ह वापरायची मुभा होती, पण ते छापायचं तर पात्र कसं तयार करायचं हे आपल्या पुस्तकात सांगायचं नाही, अशी अटच होती. म्हणजे गाईड कुणीही काढा, पाठ्यपुस्तक आमच्याकडूनच घ्यायचं.

मग पूर आला. मिलवॉकीला भरलेल्या 'जेन कॉन' या मोठ्या खेळमेळाव्यात ज्या दिवशी नवं नियमपुस्तक विक्रीला आलं, त्याच दिवशी 'ग्रीन रोनिन' या नव्या प्रकाशकाची 'डेथ इन फ्रीपोर्ट' ही ख्रिस प्रामस यांची पुस्तिकाही तिथे हजर होती. चाच्यांचं एक बंदर, वर व्यापार आणि खाली सर्पमानवांचा गुप्त पंथ. ते बंदर इतकं जिवंत होतं की त्यावर पुढे अनेक वर्षं पुस्तकं निघत राहिली. पण सगळीच घाई अशी फळाला आली नाही. 'क्रीचर कलेक्शन' हे बाहेरच्या प्रकाशकाचं राक्षसांचं पुस्तक कंपनीच्या स्वतःच्या राक्षसपुस्तकाच्याही आधी दुकानात पोचलं. राक्षसांचे नियम पुरते हाती यायच्या आत राक्षस छापले गेले होते. त्यातल्या आकड्यांविषयी तक्रारी झाल्या आणि २००३मध्ये सुधारित आवृत्ती काढावी लागली. त्याच वर्षी कंपनीनं नियम बदलून साडेतिसरी आवृत्ती आणली. दुकानांतल्या फळ्यांवर उभी असलेली तिऱ्हाइतांची पुस्तकं एका रात्रीत जुनी झाली आणि कित्येक छोटे प्रकाशक त्यात बुडाले.

या इतिहासातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. पुस्तकाच्या वेष्टनावर 'अमुक नियमांशी सुसंगत' असं छापलेलं असतं, ते कायद्याचं वाक्य आहे. लेखकाला हे नियम वापरायचा हक्क आहे एवढंच ते सांगतं. ते पुस्तक कुणी तपासलं, कुणी खेळून पाहिलं, कुणी शिफारस केली, यांतलं काहीही त्यातून कळत नाही. २०१६पासून तर 'डंजन मास्टर्स गिल्ड' या कंपनीच्याच छत्राखालच्या ऑनलाइन दुकानात कुणीही लेखक आपलं पुस्तक ठेवू शकतो. निम्मी रक्कम त्याला मिळते आणि ते पुस्तक दुसरीकडे विकायचं नाही अशी अट असते. तिथे कंपनीचं चित्र दिसतं, कंपनीच्या जगांची नावं दिसतात, म्हणून नवख्या माणसाला वाटतं की हे घरचंच आहे. तसं नसतं. पुस्तकांच्या नावापुढे तिथे तांब्याची, चांदीची, सोन्याची पदकं लागतात, तीही किती प्रती खपल्या त्याची. सर्वांत खालचं तांब्याचं पदक शंभराहून कमी प्रतींवरही मिळतं. खप आणि गुणवत्ता यांचं नातं आपल्याला मराठी पुस्तकांच्या दुनियेतही ठाऊक आहेच.

तर मग पाहायचं काय? मी पुण्यात बरीच वर्षं सूत्रधाराचं काम करतो आहे. माझ्याकडे येणारी मुलं मला काका म्हणतात आणि माझं काही चुकलं तर तोंडावर सांगतात. त्यांच्यामुळे मला एक कसोटी सापडली. पूरक पुस्तक हे वाचण्यासाठी नसतं, चालवण्यासाठी असतं. या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते एका पुस्तकानं मला चांगलंच दाखवलं. नाव घेत नाही. दोन भागांची मालिका होती. पहिल्या भागात डोंगराच्या पायथ्याशी एक खानावळ आणि तिचा मालक. त्याच्या मिशांचं आणि सुपाचं वर्णन पाऊण पान. आमच्या गटातल्या मुलांना त्याचा पहिल्याच दिवशी संशय आला. त्यांच्यातल्या मांत्रिक मुलीनं खोटं उघडं पाडणारा मंत्र टाकला आणि त्याला विचारलं, "डोंगरावरच्या माणसांशी तुझा काही संबंध?" पुस्तक गप्प. जेवढं छापलं होतं त्यावरून तो सरळमार्गी होता, म्हणून मी त्याला सरळ उत्तर द्यायला लावलं. काही महिन्यांनी दुसरा भाग निघाला, त्यात तोच मालक सगळ्या कारस्थानाचा मुख्य हस्तक निघाला. लेखकानं रहस्यकथेसारखं रहस्य राखून ठेवलं होतं, आणि तेही सूत्रधारापासून! ज्यानं नाटक बसवायचं त्यालाच तिसरा अंक दिला नाही. ती मुलगी दोन दिवसांनी नोकरीसाठी बंगळुरूला जाणार होती, म्हणून तिच्यासाठी शेवटची बैठक आम्ही मुद्दाम लांबवली होती. ती म्हणाली, "पण काका, त्या दिवशी मंत्राखाली तो खरं बोलला होता ना?" बरोबर होतं तिचं. पाच महिने जपलेल्या गोष्टीचा शेवटचा तास नियमांची वजाबाकी करण्यात गेला. पुस्तकाचे पैसे तसे थोडे होते. पाच जणांचे रविवार पुन्हा मिळत नाहीत.

म्हणून मी पुस्तक हातात आलं की पहिल्या पानावरची ओळख वाचत नाही. मधलीच एखादी खोली उघडतो. बहुतेक ऑनलाइन दुकानं नमुन्याची काही पानं फुकट दाखवतात, तेवढी पुरतात. खोलीत शिरल्याबरोबर काय दिसतं, ऐकू काय येतं, वास कसला, हे मला किती ओळींत कळलं? तिथे कोण आहे, त्याला काय हवं आहे? आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रश्न म्हणजे खेळाडू लढलेच नाहीत, बोलू लागले, लाच देऊ लागले, पळाले, तर काय? वाईट पुस्तकात या प्रश्नाला उत्तरच नसतं. 'हे तिघे मरेपर्यंत लढतात' असं प्रत्येक खोलीत लिहिलेलं आढळलं की मी ते पुस्तक मिटतो.

काही पुस्तकांत मोठ्यानं वाचून दाखवायचे चौकटीतले उतारे असतात. दोन-तीन वाक्यांचे असले तर चांगले. अर्ध्या पानाचे असले तर टेबलावर चिवड्याची बशी फिरू लागते. "काका, वाचू नका, काय दिसतंय ते सांगा," हे वाक्य मी ऐकलेलं आहे, आणि ते त्या लेखकानंही ऐकायला हवं होतं. याउलट गॅव्हिन नॉर्मन यांची 'ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स' या खेळासाठी लिहिलेली पुस्तकं पाहा. खोलीतली प्रत्येक वस्तू एका ठळक शब्दात आणि तिचा तपशील त्याच्यापुढे चार शब्दांत. दिसायला यादीसारखं, पण बोलता बोलता नजर टाकली की हवं ते सापडतं. त्यांची 'विंटर्स डॉटर' ही २०१९ची तीसएक पानांची छोटी मोहीम मी अनेकांना सुचवतो. एका सरदाराचं जुनं थडगं, आणि थडग्याच्या पलीकडे परीराज्यात त्याची वाट पाहत थांबलेली राजकन्या. तिथे तलवार काढावीच लागते असं नाही. त्या दोघांचं काय करायचं हे खेळाडू ठरवतात, आणि ते काहीही ठरवलं तरी सूत्रधाराला पुढचं पान सापडतं.

नकाशा हा माझ्या मते सर्वांत प्रामाणिक साक्षीदार. त्यावर बोट ठेवा आणि प्रवेशद्वारापासून शेवटच्या खोलीपर्यंत फिरवा. बोट एकाच वाटेनं, एकामागून एक खोल्या ओलांडत सरळ शेवटाला पोचलं, तर ती आगगाडी आहे. खेळाडूंनी फक्त खिडकीतून बघायचं. चांगल्या नकाशात बोट अडखळतं. दोन-तीन दारं असतात, वाटा फिरून एकमेकींना मिळतात, एखादा जिना मधला मजला सोडून थेट खाली जातो. जेनेल जॅक्वेज यांनी जजेस गिल्डसाठी १९७९मध्ये केलेल्या 'केव्हर्न्स ऑफ थ्रेशिया' या भुयाराचा नकाशा यासाठी आजही दाखला म्हणून काढला जातो. वर मोडकळीला आलेलं प्राचीन नगर, खाली एकावर एक थर, आणि एका थरातून दुसऱ्यात जायच्या इतक्या वाटा की दोन गट तेच भुयार खेळले तरी दोन वेगळ्या गोष्टी घडतात. जॅक्वेज पुढे संगणकावरच्या 'क्वेक' या खेळाचे नकाशे आखायला गेल्या आणि जानेवारी २०२४मध्ये त्या वारल्या. हे पुस्तक तिऱ्हाइताचं होतं, हे मुद्दाम सांगतो. घरचं ते चांगलं आणि बाहेरचं ते दुय्यम, हा समज तिथेच संपतो.

प्रकाशकापेक्षा लेखकाचा माग काढणं अधिक फायद्याचं, असा माझा अनुभव आहे. तिसऱ्या आवृत्तीच्या तीन मुख्य रचनाकारांपैकी एक, माँटी कुक. त्यांनी २००१मध्ये 'मॅल्हॅव्हॉक प्रेस' काढून मंत्रांचं एक पुस्तक, छापील प्रतीची वाट न पाहता, संगणकावर वाचायच्या रूपात विकलं. नियम ज्यानं घडवले त्याचं पुस्तक नियमांशी भांडणार नाही, एवढी खात्री तरी होती. वोल्फगांग बाउर हे टीएसआरच्या काळात 'डंजन' मासिकाचे संपादक होते. त्यांनी पुढे उभी केलेली 'कोबोल्ड प्रेस' आज या क्षेत्रातलं भरवशाचं नाव आहे. मासिकात दुसऱ्यांच्या मोहिमा वर्षानुवर्षं तपासलेल्या माणसाला कुठे सूत्रधार अडखळतो हे ठाऊक असतं. पुस्तकाच्या सुरुवातीला श्रेयनामावली असते, ती वाचा. संपादकाचं नाव स्वतंत्र आहे का? ज्यांनी हे आधी खेळून पाहिलं त्यांची नावं आहेत का? चित्रकारांची नावं दहा आणि खेळून पाहणारं कुणी नाही, असं असेल तर खर्च कुठे झाला ते उघड आहे. तशी चित्रं तर आता यंत्रही काढून देतं. 'एनी' नावाचे पुरस्कार २००१पासून दिले जातात. परीक्षक आधी यादी करतात आणि मग लोक मतं देतात. यादीतली नावं शोधाच्या आरंभासाठी बरी, पण लोकप्रिय प्रकाशकाला मतं जास्त पडणार हे धरून चालावं.

राक्षसांच्या पुस्तकांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे आकडे मोजावे लागतात. राक्षस किती मार सोसेल, किती मारेल, एका फेरीत किती वेळा हालचाल करेल. ज्याचं एकमेव वैशिष्ट्य तो भरपूर मार सोसतो हे आहे, तो राक्षस कंटाळवाणा; लढाई तासभर लांबते आणि तिच्यात काही घडत नाही. कोबोल्ड प्रेसच्या २०१६च्या 'टोम ऑफ बीस्ट्‌स'मध्ये चारशेहून अधिक प्राणी आहेत. सगळेच सारखे नाहीत, पण पुष्कळांना स्वतःची एक खोड आहे. एखादा प्राणी वेगळं काय करतो ते सूत्रधाराला एका वाक्यात सांगता आलं, तर तो पैसे वसूल करतो.

राक्षसांवरून आठवलं. या खेळात खरोखरच 'राक्षस' नावाचा एक प्राणी आहे, नाव आपल्याकडचंच. गायगॅक्स यांच्या १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये तो आला तो वाघाच्या डोक्याचा, अंगात उंची झगा घातलेला आणि पाइप ओढणारा. मंतरलेला बाण लागला की तो मरतो. आपण विचारू, रावणाच्या कुळात हा वाघ कुठून शिरला? रामायणातून नाहीच. १९७४मध्ये 'कोल्चॅक : द नाइट स्टॉकर' ही अमेरिकन दूरदर्शन मालिका चालू होती, तिच्या एका भागात रूप बदलणारा राक्षस आणि मंतरलेला बाण दाखवला होता. रूप पालटणं आणि तो बाण खेळात आले ते तिथून. रागवावं असं यात काही नाही, मला तो पाइपवाला वाघ आवडतोही. पण पुस्तक घरचं असलं म्हणजे त्याला सगळं ठाऊक असतं असं नव्हे. कुठल्याही देशाच्या, धर्माच्या गोष्टींवर बेतलेलं पूरक पुस्तक घेताना मी लिहिणारे कोण हे पाहतो. 'आयलंड्‌स ऑफ सिना उना' हे फिलिपाइन्सच्या दंतकथांवरचं पुस्तक फिलिपिनो लेखक-चित्रकारांनी मिळून केलं. त्यातले देव आणि बेटं कुणाच्या तरी आजीच्या गोष्टींतून आल्यासारखी वाटतात. मराठी मुलामुलींनी वेताळ, हडळ, मुंजा घेऊन असं काही केलं तर मी पहिला गिऱ्हाईक.

ते करायला कायद्याची आडकाठीही आता उरलेली नाही, आणि तीही एक लढाईच होती. जानेवारी २०२३मध्ये कंपनीच्या नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना रद्द समजायचा, आणि साडेसात लाख डॉलरवरच्या उत्पन्नातला पंचवीस टक्के हिस्सा कंपनीला द्यायचा, असा त्याचा रोख होता. वीस-बावीस वर्षं ज्या भरवशावर लोकांनी नोकऱ्या सोडून छोटे प्रकाशन-व्यवसाय उभे केले होते, तो भरवसाच गेला. खेळणारे इतके खवळले की महिना संपायच्या आत, २७ जानेवारीला, कंपनीनं पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा मूळ मसुदा 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली खुला केला. श्रेय द्यायचं, बाकी काही मागायचं नाही, आणि एकदा दिलेलं परत घेता येत नाही. तोवर काहींनी आपापली वेगळी वाट धरलीच होती. कोबोल्ड प्रेसनं २०२४मध्ये 'टेल्स ऑफ द व्हॅलियंट' हा स्वतःचाच खेळ काढला.

गिऱ्हाइकानं मात्र इथे तारीख पाहायची. मुख्य नियमपुस्तकांची सुधारित मालिका २०२४पासून निघाली, राक्षसांचं पुस्तक २०२५च्या फेब्रुवारीत आलं आणि त्यांचे खुले नियमही त्याच वर्षी जाहीर झाले. २०१४ ते २०२४ या काळातलं तिऱ्हाइताचं पुस्तक नव्या नियमांवर बरंचसं चालतं, २००३सारखी दशा नाही. नकाशे, गावं, माणसं यांना तर आवृत्ती नसतेच. पण पात्रांच्या क्षमता आणि मंत्र देणारी पुस्तकं घेताना ती कोणत्या नियमांसाठी लिहिली आहेत हे आधी विचारा, नाहीतर टेबलावर प्रत्येक फाशाला वाद होतो. तसं पाहिलं तर खेळाडूंना नव्या शक्ती देणाऱ्या पुस्तकांपासून मी जरा दूरच राहतो. त्यांची विक्री सर्वांत जास्त होते, कारण गटात सूत्रधार एक आणि खेळाडू चार.

पहिल्यांदाच घेत असाल तर तीनशे पानांची जाड मोहीम घेऊ नका. दोनेक बैठकांत संपेल असं लहान पुस्तक घ्या. 'विंटर्स डॉटर'ची पाचव्या आवृत्तीच्या नियमांवरचीही प्रत मिळते. छापील पुस्तक परदेशातून मागवलं तर टपालखर्चच पुस्तकाएवढा येतो, म्हणून संगणकावरची प्रत बरी. तिच्यातली नकाशाची पानं तेवढी छापून आणा, दोन वेळा. एक प्रत तुमच्या हाताशी, आणि दुसरीवरची खोल्यांची नावं नि चोरवाटा पांढऱ्या शाईनं पुसून ती टेबलाच्या मध्यावर ठेवा.